साबणाचा बार कापताना

कपडे धुण्याचा साबण घरात दोन रूपांनी येतो. एक म्हणजे कागदात गुंडाळलेली, हातात मावणारी वडी. दुसरा म्हणजे वीतभर किंवा त्याहून लांब बार. वजनाच्या मानाने बार स्वस्त पडतो, म्हणून मोठी कुटुंबे, वसतिगृहे आणि काही शाळाही बारच घेतात. तो अख्खा वापरणे सोयीचे नसते, तेव्हा कापावा लागतो. वर्धा जिल्ह्यात हे काम बहुधा पावशीवर होते (पुण्याकडचे वाचक तिला विळी म्हणतील). त्यातला अनुभव सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पाते निम्म्यापर्यंत नीट जाते, मग अडते. जोर लावला की कट्कन आवाज येतो, तुकडा वेडावाकडा सुटतो आणि पाटावर चुरा पडतो.

घरातल्या वडीलधाऱ्या बायका आणखी एक गोष्ट सांगतात. साबण आणला की लगेच कापावा, तुकडे महिनाभर वाळू द्यावेत, मग वापरावा. तो जास्त दिवस पुरतो. यात तथ्य आहे का? विद्यार्थ्यांनी अशा समजुतीवर नुसता विश्वास ठेवू नये आणि ती नुसती हसण्यावारीही नेऊ नये. ती तपासता येते आणि त्यासाठी लागणारे साहित्य प्रत्येक शाळेजवळ आहे.

आज आपण घरी जे करतो ते एके काळी दुकानदार करीत असे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये साबणाचे लांब, बिननावाचे बार दुकानात येत आणि गिऱ्हाइकाला हवा तेवढा तुकडा कापून, तोलून दिला जाई. विल्यम लीव्हर या व्यापाऱ्याने १८८४ साली ‘सनलाइट’ हे नाव घेऊन आधीच कापलेली आणि कागदात गुंडाळलेली वडी बाजारात आणली. १८८८ साली याच साबणाच्या पेट्या कलकत्त्याच्या बंदरात उतरल्या. म्हणजे हा व्यापार वाढला त्यात साबणाच्या गुणाइतकाच, साबण कोणी कापायचा या प्रश्नाच्या उत्तराचा वाटा होता.

वर्ध्याने या प्रश्नाचा विचार अगदी दुसऱ्या टोकाकडून केला. १९३४ च्या डिसेंबरात येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, त्याचे काम चाले आणि अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा ते पाहत. तेथील मगन संग्रहालयाचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते १९३८ साली झाले. गावात जे पिकते त्यातून गावाला लागणाऱ्या वस्तू गावातच व्हाव्यात, हा त्यामागचा विचार. कडूनिंब, करंज, मोह यांच्या बियांचे तेल खाण्यात फारसे जात नाही, पण साबणाला चालते. पुढे १९५७ साली खादी व ग्रामोद्योग आयोग आला, तेव्हा त्याच्या कार्यक्रमात ‘अखाद्य तेल व साबण उद्योग’ या नावाचा स्वतंत्र विभागच होता. आज मगनवाडीत महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था आहे. वर्ध्याच्या शिक्षकांना सहलीसाठी दूर जायला नको.

तेल कोणते, त्यावर कठीणपणा

तेल आणि कॉस्टिक सोडा यांची प्रक्रिया झाली की साबण आणि ग्लिसरीन तयार होते, हे पाठ्यपुस्तकात असतेच. पण सगळ्या तेलांचा साबण सारखा कापला जात नाही, हे तिथे नसते. तेलातल्या मेदाम्लांचे रेणू म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. संपृक्त साखळ्या सरळ असतात, त्या एकमेकींना बिलगून नीट रचल्या जातात आणि साबण कठीण होतो. असंपृक्त साखळीला दुहेरी बंधापाशी बाक येतो. बाकदार काड्यांची मोळी जशी घट्ट बांधली जात नाही, तसेच या साखळ्यांचे होते आणि साबण मऊ राहतो. खोबरेल तेलात संपृक्त मेदाम्ले नव्वद टक्क्यांच्या आसपास असतात. मोहाच्या तेलात चाळीसच्या आसपास. आपल्या कापसाच्या पट्ट्यातल्या सरकीच्या तेलात साधारण पाव हिस्सा. आणि विदर्भातल्या जवसाच्या तेलात जेमतेम एक दशांश. म्हणून नुसत्या जवसाच्या तेलाचा साबण लोण्यासारखा मऊ राहतो आणि नुसत्या खोबरेल तेलाचा इतका कडक व ठिसूळ होतो, की कापायला थोडा उशीर झाला तरी तो तुटतो. साबण करणारे म्हणूनच तेलांचे मिश्रण घेतात.

दुसरी गोष्ट पाण्याची. धुण्याच्या ताज्या साबणात पाव हिस्सा किंवा त्याहूनही अधिक पाणी असू शकते. हे पाणी म्हणजे लबाडीच असते असे नाही. साबणाचे बारीक स्फटिक आणि त्यांच्यामधला, पाणी धरून असलेला मऊ भाग मिळून साबणाची वडी बनते. हा मऊ भाग स्फटिकांना एकमेकांवरून सरकू देतो. तो भरपूर असेल तर साबण दाबाखाली वाहतो, म्हणजे ओल्या मातीसारखा वागतो. तो वाळला तर साबण दाबाखाली फुटतो, म्हणजे खडूसारखा वागतो. साबण केव्हा कापावा याचे उत्तर इथेच मिळते: तो मातीसारखा आहे तोवर. आजीचा ‘लगेच कापावा’ हा सल्ला इथे तरी पक्का ठरतो.

तापमानाचाही यात हात आहे. ऊन वाढले की मऊ भागाचे प्रमाण वाढते. मे महिन्यात वर्ध्याचा पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो तेव्हा बार बोटाने दबतो; डिसेंबरच्या सकाळी तोच बार सुरीखाली तडकतो. हिवाळ्यात कापायचा असेल तर दुपारपर्यंत थांबावे, किंवा बार तासभर कोवळ्या उन्हात ठेवावा. साबण पाण्यात बुडवून मऊ करण्याचा मोह मात्र टाळावा. वरचा थर लगदा होतो आणि आतला गाभा होता तसाच कोरडा राहतो.

सुरी नको, तार

कुंभार चाकावरचे मडके सुरीने कापत नाही. तो दोरा धरतो आणि तळाशी एका ओढीत मडके मोकळे करतो. लहान कारखान्यांत साबणाची लादी कापतात तीही तारेनेच. असे का?

सुरीची धार तारेपेक्षा पातळ असते, म्हणून सुरीनेच सोपे जावे असे वाटते. पण धारेमागून पाते येते आणि ते पाचरीसारखे जाड होत गेलेले असते. पाते जसजसे आत शिरते तसे ते दोन्ही बाजूंच्या साबणाला दूर ढकलते. शिवाय पात्याच्या दोन्ही अंगांना साबण चिकटतो आणि जितके खोल जावे तितके हे चिकटलेले क्षेत्रफळ वाढते. हात अडतो तो यामुळे. आपण जोर वाढवतो, पाचर आणखी रेटते, आणि पात्याच्या पुढे साबण फाटतो. तो कट्कन आवाज त्या चिरेचा असतो.

तारेच्या मागे काहीच येत नाही. ती पहिल्या मिलिमीटरला साबणाला जेवढी स्पर्श करते, तेवढीच शेवटच्या मिलिमीटरला करते. म्हणून लागणारा जोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळजवळ सारखा राहतो. थोडे गणित करू. बार ६ सेंटिमीटर रुंद आहे आणि तार ०.४ मिलिमीटर जाडीची आहे. तारेखाली येणारे क्षेत्रफळ ६० गुणिले ०.४, म्हणजे २४ चौरस मिलिमीटर, म्हणजेच ०.२४ चौरस सेंटिमीटर. तारेवर ५ किलोचा भार दिला तर दर चौरस सेंटिमीटरवर जवळपास २१ किलोचा दाब पडतो. मऊ साबणाला इतका दाब पुरेसा होतो. तार दुप्पट जाड घेतली तर तेवढ्याच कामाला दुप्पट भार लागेल. मुलांना हे आधी सांगू नये, त्यांच्याकडून काढून घ्यावे.

तार कुठून आणायची? सायकल दुरुस्तीच्या दुकानात ब्रेकच्या केबलचा टाकाऊ तुकडा मिळतो. तिचा पीळ उलगडून एक तार घ्यावी. तिच्या दोन टोकांना लाकडाचे किंवा बांबूचे दोन बोटभर तुकडे बांधावेत. तार उघड्या बोटाला गुंडाळून ओढायची नाही, हा नियम अगोदर सांगून ठेवावा. साबण कापणारी तार बोटही कापते.

तार वरून दाबत नेली तर अगदी शेवटी, तळाच्या कडेला, एक कपचा उडतो. कारण तळाशी उरलेला साबणाचा पातळ थर ताण सोसू शकत नाही. त्यावर उपाय कुंभाराच्या दोऱ्यासारखाच सोपा आहे. तारेचा फास बारभोवती घालावा, टोके एकमेकांवरून ओलांडून घ्यावीत आणि दोन्ही हातांनी सावकाश ओढावीत. आता तार चारही बाजूंनी आत शिरते आणि काप बाराच्या पोटात संपतो. कडा शाबूत राहतात. कापलेले तुकडे लगेच वेगळे करावेत, कारण ताज्या साबणाचे कापलेले पृष्ठभाग पुन्हा चिकटतात.

यंत्रातून दाबून काढलेल्या बाराची एक खोड इथे लक्षात येईल. असा साबण मोठ्या मळसूत्राने रेटून तोंडातून बाहेर काढलेला असतो, साधारण आपण चकली पाडतो तसा. मळसूत्राचे वळसे साबणाच्या आत राहून जातात. कापलेला तुकडा आठवडाभर रोज भिजवा आणि वाळवा. त्याच्या तोंडावर ज्या गोलसर चिरा उमटतील त्या या वळशांच्या खुणा आहेत. साच्यात ओतून थिजवलेल्या ग्रामोद्योगी साबणात असे वळसे नसतात. दोन्ही तुकडे शेजारी ठेवून मुलांना फरक शोधायला लावावा.

डिटर्जंटच्या वडीवर मात्र तार चालवून वेळ घालवू नये. ती मुळात साबण नव्हे. धुण्याचा सोडा, खनिजांची पूड आणि कृत्रिम अपमार्जक एकत्र दाबून ती केलेली असते. ती कापली जात नाही, तिचा भुगा होतो. पण साबण आणि डिटर्जंट यांतला फरक वर्गात दाखवायला याहून सोपी कसोटी नाही.

एका मिनिटाचा प्रयोग

साबण किती कठीण आहे हे मोजण्यासाठी साबण उद्योगाच्या प्रयोगशाळांत तारेचीच एक पद्धत वापरतात. ती शाळेत करता येते. हॅक्सॉची चौकट घ्या, तिचे पाते काढून त्या जागी बारीक तार ताणून बसवा. साबणाचा बार दोन विटांच्या फटीत असा धरा की त्याची एक कड वर येईल, घराच्या आढ्यासारखी. आता तार या कडेवर आडवी टेकवा, चौकटीच्या दोन टोकांना सारखी वजने टांगा आणि चौकट कलणार नाही इतपतच हाताचा आधार द्या. बरोबर एक मिनिटाने तार उचला आणि कापाची लांबी मोजा.

यातली गंमत अशी. आढ्यावर टेकलेली तार सुरुवातीला एका बिंदूलाच टेकलेली असते, म्हणून पटकन आत शिरते. जसजशी ती खाली जाते तशी साबणात रुतलेली तिची लांबी वाढते आणि त्याबरोबर विरोधही वाढतो. एका क्षणी विरोध आणि भार यांची बरोबरी होते आणि तार जवळजवळ थांबते. म्हणून कापाची लांबी हेच साबणाच्या कठीणपणाचे माप होते. तेवढ्याच भाराने काप निम्म्या लांबीचा झाला, तर साबण दुप्पट कठीण आहे. हाच प्रयोग सकाळी सातला आणि दुपारी दोनला करा. ताज्या बारावर आणि महिनाभर वाळलेल्या तुकड्यावर करा. आलेख काढायला एवढे आकडे पुरतील, आणि ते आपल्याच गावचे असतील.

साबण पुरतो म्हणजे काय

आता आजीच्या दाव्याचा दुसरा अर्धा भाग. समजा आपला बार २४ सेंटिमीटर लांब, ६ रुंद आणि ४ जाड आहे. त्याचे एकूण पृष्ठफळ ५२८ चौरस सेंटिमीटर भरते. पाच काप देऊन सहा सारखे तुकडे केले तर प्रत्येक कापाने २४ चौरस सेंटिमीटरचे दोन नवे पृष्ठभाग उघडे पडतात. म्हणजे एकूण २४० ची भर पडून बेरीज ७६८ होते. वाळायला सुमारे ४५ टक्के जास्त जागा मिळाली. शिवाय मधला साबण बाहेरच्या हवेच्या जवळ आला. तुकडे लवकर वाळतात ते या दोन कारणांनी.

दर आठवड्याला एक तुकडा तोलून पाहा. वजन घटत जाईल, पण घटते ते पाणी; मळ काढणारा भाग आहे तेवढाच राहतो. वेष्टनावर निव्वळ वजनाशेजारी ‘पॅक करतेवेळी’ असे छापलेले असते ते याचसाठी. ग्राहकाने वजनापेक्षा एकूण मेद पदार्थाचा, म्हणजे टीएफएमचा, आकडा पाहावा. अंगाच्या साबणाच्या भारतीय मानकात पहिल्या श्रेणीसाठी तो किमान ७६ टक्के, दुसरीसाठी ७० आणि तिसरीसाठी ६० आहे.

मग वाळवल्याने साबण वाढला का? नाही. पण वाया जाणे कमी झाले. ओला, मऊ साबण कपड्यावर घासताना गरजेपेक्षा जास्त झिजतो आणि दगडावर ठेवला की त्याखाली लगदा साचतो. कोरडा साबण सावकाश विरघळतो.

मला यापेक्षाही महत्त्वाचे वाटते ते दुसरेच गणित, ज्याचा उल्लेख सहसा होत नाही. अख्खा बार वापरायला घेतला तर ५२८ चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग रोज भिजतो. सहांतला एकच तुकडा घेतला तर १२८ चौरस सेंटिमीटरच भिजतो. बाकीचे पाच कपाटात कोरडे बसलेले असतात. कापल्याने वाळणारा पृष्ठभाग वाढतो आणि रोज भिजणारा पृष्ठभाग चौथ्या हिश्श्यावर येतो. बचत मुख्यतः इथे होते.

तर मग बाराचे वीस तुकडे का करू नयेत? कारण प्रत्येक तुकड्याच्या शेवटी एक चीप उरते, जी हातात धरवत नाही आणि मोरीत निसटून जाते. सहा तुकड्यांच्या सहा चिपा, वीस तुकड्यांच्या वीस. चीप ओली करून पुढच्या ओल्या तुकड्यावर दाबून रात्रभर ठेवली तर ती एकजीव होते, पण रोज हे कोण करणार? घरासाठी सहा ते आठ तुकडे बरे.

तुकडे वाळवताना विटांच्या भट्टीसारखे मध्ये फटी सोडून रचावेत, आणि सावलीत. कडक उन्हात वरची साल आधी वाळून आकसते आणि आतला ओला गाभा आकसत नाही. मग तुकडा तडकतो. रचलेला साबण उघड्यावरही ठेवू नये. त्यात मेद असतो हे उंदराला आणि कावळ्याला आपल्याआधी कळलेले आहे. आड रचावर ठेवलेली वडी कावळ्याने पळवल्याची तक्रार खेड्यात नवी नाही.

घरी किंवा बचत गटात थंड पद्धतीने केलेला साबण असेल तर मात्र घाई करू नये. त्यात प्रक्रिया न झालेला कॉस्टिक सोडा उरलेला असू शकतो. तो हातमोजे घालून कापावा, निदान चार आठवडे ठेवावा आणि मगच मुलांच्या हाती द्यावा. कॉस्टिक सोड्यापासून साबण करण्याचा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करवून घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे. डोळ्यात उडालेला एक थेंब दृष्टी घालवू शकतो.

शाळेच्या नळापाशी

हे सगळे सर्वांत उपयोगी पडते ते शाळेत. शालेय पोषण आहाराची योजना १९९५ साली सुरू झाली. आज बहुतेक शाळांत दुपारी मुले एकत्र जेवतात. जेवणाआधी साबणाने हात धुतल्यास अतिसाराचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी कमी होते, असा अनेक अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आहे. पण नळापाशी एकच अख्खा बार ठेवला तर पहिली दहा मुले हात धुतात आणि बाकीची त्या ओल्या, घसरणाऱ्या ठोकळ्याची वाट पाहत नुसत्या पाण्यावर भागवतात. तोच बार बारा तुकड्यांत कापला आणि एकेक तुकडा जुन्या पायमोज्यात किंवा जाळीच्या पिशवीत घालून नळापाशी टांगला, तर रांग तुटते. टांगलेल्या साबणातले पाणी निथळून जाते आणि चीपही पिशवीतच राहते, म्हणून इथे तुकडे लहान असले तरी चालतात.

सर्वांनी एकच वडी वापरली तर जंतू पसरणार नाहीत का, हा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साबणाच्या वड्यांवर मुद्दाम जंतू सोडले आणि सोळा जणांना त्यांनी हात धुवायला लावले. धुतल्यानंतर कोणाच्याही हातांवर ते जंतू आढळण्याइतके आले नाहीत.

कापताना पडलेला चुरा फेकू नका. त्यात एक चांगला प्रयोग आहे. वर्धा जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या बेसाल्ट खडकावर आहे, आणि या खडकातून झिरपलेल्या विहिरींच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. हे क्षार साबणाशी संयोग पावून पांढरट साका करतात. तेवढा साबण फुकट जातो. चमचाभर चुरा पावसाच्या साठवलेल्या किंवा बॅटरीत घालायच्या शुद्ध पाण्याच्या पेलाभर प्रमाणात विरघळवा. मुलांना आपापल्या घरच्या विहिरीचे, बोअरचे, नळाचे पाणी बाटलीतून आणू द्या. प्रत्येक पाण्याचे सारखे माप परीक्षानळीत घेऊन त्यात साबणाचे द्रावण थेंबाथेंबाने टाका, दर थेंबानंतर हलवा, आणि फेस अर्धा मिनिट टिकेपर्यंत किती थेंब लागले ते मोजा. शुद्ध पाण्याला लागलेले थेंब वजा केले की उरतो तो त्या पाण्याने खाल्लेला साबण. फळ्यावर गावाचा साधा नकाशा काढून विहिरींपाशी हे आकडे लिहिले, तर कोणत्या आळीत साबण लवकर संपतो आणि का, हे मुलेच सांगू लागतात.